गल्लीच्या कामाचा पैसा कोण ठरवतो?

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या शहरात फिरा, पदपथ उखडलेले दिसतील. धडधाकट पेव्हर ब्लॉक काढून त्यांच्या जागी नवे बसवणे चालू असते. त्याच गल्लीच्या टोकाला दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या ड्रेनेजच्या चेंबरला मात्र कुणी हात लावलेला नसतो. बघणारा म्हणतो, ‘पैसे खायचे धंदे!’ काही ठिकाणी ते खरेही असते. पण प्रामाणिक अधिकारी आणि प्रामाणिक नगरसेवक असले, तरी हे दृश्य बऱ्याच अंशी असेच दिसेल, कारण त्याचे मूळ अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. तरतुदी ठरत होत्या तेव्हा ब्लॉकचे काम कुणीतरी कागदावर आणले होते, चेंबरचे आणले नव्हते. आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, म्हणून मंजूर झालेली रक्कम त्याआधी खर्ची पडावी अशी सगळ्यांनाच घाई असते.

उड्डाणपूल, मेट्रो, नदीकाठ यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. पदपथ, दिवे, स्वच्छतागृह, बाग, पावसाळी गटार या कामांची रक्कम त्यांच्या तुलनेत किरकोळ असते. तरी माणसाचा दिवस सुखाचा जातो की त्रासाचा, ते बहुतेक वेळा याच कामांवर ठरते. म्हणून या पैशाचा निर्णय कोण घेते, कधी घेते आणि त्यात आपल्याला शिरकाव कुठे आहे, हे प्रत्येक शहरवासीयाला ठाऊक असायला हवे.

पैसा येतो कुठून, उरतो किती

महापालिकेच्या तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः मिळकतकर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीची शुल्के आणि राज्य सरकारची अनुदाने यांतून. पूर्वी जकात हा मोठा आधार होता. मग स्थानिक संस्था कर आला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्य सरकारकडून मिळू लागली. म्हणजे शहराच्या उत्पन्नाचा एक मोठा वाटा आता शहराच्या हातात नाही.

खर्चाच्या बाजूला पगार, निवृत्तिवेतन, विजेची बिले, पाणी उपसा, कचरा वाहतूक आणि कर्जाचे हप्ते यांना पहिला मान असतो. उरलेल्या रकमेतून भांडवली कामे होतात, आणि त्यांतही शहरपातळीवरचे मोठे प्रकल्प पुढे असतात. प्रभागातल्या कामांना मिळतो तो सगळ्यात शेवटचा वाटा. पुण्यात या वाट्यातल्या मोठ्या भागाला ‘स यादी’ म्हणतात. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या लहान कामांची ही यादी असते. महापालिकेत वावरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हा शब्द असतो, पण ज्यांच्या दारापुढची कामे या यादीत असतात, त्यांतल्या बहुतेकांनी तो ऐकलेलाही नसतो.

निर्णयाचे वेळापत्रक

आयुक्त आपले अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीला सादर करतात. सोळा सदस्यांची ही समिती त्यात फेरफार करून ते मुख्य सभेपुढे ठेवते. मुख्य सभेची मंजुरी मिळाली की १ एप्रिलपासून अंमल सुरू होतो. अर्थात, विभागांची जुळवाजुळव त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. क्षेत्रीय कार्यालयांतले अभियंते दिवाळीच्या आगेमागे कामांच्या याद्या आणि ढोबळ खर्च काढून ठेवतात. मार्चमध्ये तक्रार घेऊन जाणाऱ्याला ‘तरतूद नाही’ असे उत्तर मिळते. ते उत्तर अनेकदा खरे असते, कारण पंगत उठल्यावर पान मांडून उपयोग नसतो.

यात आणखी दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे फुगवलेल्या जमेची. आयुक्तांच्या अंदाजपत्रकात स्थायी समिती नव्या कामांची भर घालते, आणि त्यासाठी उत्पन्नाचा अंदाज वाढवून धरते. वर्ष पुढे सरकते, तेवढे पैसे काही येत नाहीत, आणि मग प्रशासन तरतुदींना कात्री लावते. पुस्तकात छापलेले काम कागदावरच राहते. दुसरी अडचण वर्गीकरणाची. एका कामासाठी ठेवलेली रक्कम वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवण्याला वर्गीकरण म्हणतात. अचानक भिंत कोसळली, जलवाहिनी फुटली, तर त्याची गरज असतेच. पण सोय म्हणून ते वारंवार होऊ लागले, की नागरिकांनी पाठपुरावा करून मिळवलेली तरतूद त्यांच्या नकळत दुसरीकडे निघून जाते. असे प्रस्ताव स्थायी समितीच्या आणि मुख्य सभेच्या विषयपत्रिकेवर येतात. म्हणजे ती वाचणारी चार माणसे प्रत्येक प्रभागात असली, तरी पुष्कळ फरक पडेल.

यात पावसाळ्याची भर पडते. एप्रिल-मे निविदांमध्ये जातात, जून ते सप्टेंबर रस्त्याची कामे थांबतात, एखाद्या निवडणुकीची आचारसंहिता मध्ये आली तर आणखी दोन महिने गेले. उरतात ऑक्टोबर ते मार्च. वर्षाची सगळी कामे या सहा महिन्यांत कोंबली जातात, आणि म्हणूनच शहर फेब्रुवारीत खोदलेले दिसते.

कायद्याने दिलेली जागा

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने नगरपालिका-महापालिकांना घटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदवले. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असल्या पाहिजेत, असेही तिने सांगितले. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यानुसार प्रभाग समितीला आपल्या हद्दीतल्या, अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या, पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी देता येते. समितीवर स्वयंसेवी आणि लोकसंस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमण्याचीही सोय आहे.

मात्र त्याच सुमारास खेड्यांसाठी झालेल्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने याहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे ग्रामसभा. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक गावकरी ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला कुणी नेमावे लागत नाही, निवडून यावे लागत नाही. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवसांच्या ग्रामसभा महाराष्ट्राच्या ओळखीच्या आहेत, आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवला गेला, तर ४० टक्के भाग गावाच्या इतर गरजांसाठी मोकळा. तो कसा खर्च करायचा, याचा आराखडा ग्रामसभेपुढे यावा लागतो. पुष्कळ गावांत ग्रामसभा कागदावरच उरकली जाते, सह्या नंतर गोळा होतात, हे खरे आहे. पण उभे राहून हिशेब विचारण्याचा हक्क तिथे आहे, आणि एखाद्या गावाने मनावर घेतले की तो वापरताही येतो.

शहरातल्या माणसाला असा हक्क नाही. तो पाच वर्षांतून एकदा मत देतो, आणि मधल्या काळात अर्ज, विनंत्या, तक्रारी करतो. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आणली, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा निधी मिळवण्यासाठी असा कायदा करणे राज्यांना आवश्यक होते. कायदा झाला, पण क्षेत्रसभांच्या हद्दी आखून त्या नियमित भरवण्याची पद्धत काही आपल्या शहरांत रुजली नाही. शहरांच्या वस्तीपातळीवरच्या निर्णयांतली सर्वांत मोठी उणीव माझ्या मते हीच आहे.

पुण्याचा प्रयोग

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून केला. त्याचे नाव सहभागी अंदाजपत्रक. नागरिकाने ठरलेल्या मुदतीत, साधारण पावसाळा सरताना, आपल्या भागातले काम विहित अर्जावर सुचवायचे आणि तो क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. पुढे ऑनलाइन अर्जाचीही सोय झाली. पदपथ, दिवे, बसथांबे, स्वच्छतागृहे, बागा, कचरा, पावसाळी गटारे, दिशादर्शक फलक अशी कामे त्यात बसतात. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपयांची. अभियंते काम शक्य आहे का ते पाहतात, खर्च काढतात, आणि प्रभाग समिती यादी पक्की करते.

भारतात इतकी वर्षे सलग चाललेले असे प्रयोग फारच थोडे आहेत. त्यासाठी पुण्याचे मनापासून कौतुक केले पाहिजे. ज्येष्ठ नागरिकांना चढता येईल असा उतार, शाळेसमोरचा दिवा, थांब्यावरचे छत ही कामे मोठ्या प्रकल्पांच्या यादीत कधीच आली नसती.

पण या पद्धतीतल्या उणिवाही आता पुरेशा स्पष्ट झाल्या आहेत. यात नागरिक सुचवतो, ठरवत नाही. दहा सूचनांपैकी तीनच का घेतल्या, उरलेल्या का नाकारल्या, याचे कारण बहुतेकांना कळत नाही. दोन-तीन वर्षे उत्तर आले नाही, की माणूस अर्ज भरणे सोडून देतो. शिवाय अर्ज भरतो कोण? ज्याच्याकडे वेळ, इंटरनेट आणि सरकारी भाषेची सवय आहे तो, म्हणजे बहुधा सोसायटीतला निवृत्त माणूस. त्याची सूचना योग्यच असते. मात्र त्याच प्रभागातल्या वस्तीत सार्वजनिक नळावर रांग लावणारी बाई, भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, पथारीवाला यांच्यापर्यंत अर्ज पोचतच नाही. वस्तीतल्या स्वच्छतागृहाचा दिवा बंद असल्यामुळे रात्री तिकडे जायला घाबरणाऱ्या मुलीची गरज आकड्यांत कमी भरते, कारण तिच्या बाजूने अर्जच आलेला नसतो.

प्रभागरचनेचाही यात हात आहे. पुण्यात २००७ मध्ये एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, २०१२ मध्ये प्रभागाला दोन झाले, २०१७ मध्ये चार. प्रतिनिधी वाढले, पण जबाबदारी विभागली गेली. चौघांपैकी कुणाला धरायचे, हे नागरिकाला कळेना. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत शहर प्रशासकाच्या हाती राहिले. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांचीही हीच कथा. जवळजवळ चार वर्षे आयुक्तच अंदाजपत्रक मांडत आणि मंजूरही करत. त्या काळात प्रभाग समितीत जाब विचारण्याची सोयही उरली नाही. लोकांचा सहभाग केवळ प्रतिनिधींच्या मर्जीवर टांगलेला असला तर काय होते, हे या चार वर्षांनी दाखवले.

पोर्तू अलेग्रीने काय वेगळे केले

सहभागी अंदाजपत्रकाची कल्पना जगभर पसरली ती ब्राझीलच्या पोर्तू अलेग्री शहरातून. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती. तिच्यानंतर १९८८ मध्ये नवी घटना आली, आणि वर्कर्स पार्टीचे ओलिव्हियो दुत्रा या शहराचे महापौर झाले. १९८९ मध्ये त्यांच्या प्रशासनाने लोकांना अंदाजपत्रक ठरवण्यात सामील करून घेतले.

तिथे शहराचे १६ विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागात उघड्या सभा होत. लोक आपल्या गरजांचा क्रम लावत आणि प्रतिनिधी निवडत. या प्रतिनिधींमधून अंदाजपत्रक परिषद तयार होई, आणि ती महापालिकेच्या अधिकाऱ्यांसोबत बसून वाटप ठरवी. सगळ्यांत मोलाचा होता वाटपाचा नियम. विभागाची लोकसंख्या किती, तिथे त्या सोयीची उणीव किती आणि लोकांनी त्या गरजेला कितवा क्रम दिला, या तिन्हींना गुण होते. ज्या भागात सांडपाण्याची व्यवस्था सगळ्यात कमी, त्याला त्या कामासाठी जास्त गुण. नियम आधीच जाहीर असल्यामुळे कुणाला काय का मिळाले, हे गुणांची बेरीज करून कुणालाही तपासता येई.

१९८८ मध्ये शहरातल्या ७५ टक्के घरांना पाणी आणि मलनिस्सारणाच्या जोडण्या होत्या. १९९७ पर्यंत हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेले. गरीब वस्त्यांमधली माणसे मोठ्या संख्येने सभांना येऊ लागली, कारण आपण बोललो तर काम होते, हे त्यांनी पाहिले होते. पुढे सत्ताबदल झाले, प्रशासनाचा उत्साह ओसरला, निधी आटला, आणि २०१७ मध्ये ही प्रक्रिया स्थगित झाली. ज्या शहराने जगाला वाट दाखवली तिथेही ती आपोआप टिकली नाही. दरम्यान न्यूयॉर्कने २०११ मध्ये आणि पॅरिसने २०१४ मध्ये आपापल्या तऱ्हेने ही पद्धत उचलली होती.

आपल्याजवळ केरळचेही उदाहरण आहे. १९९६ मध्ये तिथे लोकनियोजन मोहीम सुरू झाली, आणि राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले. आधी पैसा आणि अधिकार खाली आले, मग सभांना अर्थ आला. रिकाम्या हातांनी भरवलेल्या सभेला लोक दुसऱ्यांदा येत नाहीत.

एका पदपथाचे पूर्वगणनपत्रक

आता एक काम जवळून पाहू. समजा, ८० मीटर लांब आणि दीड मीटर रुंद पदपथ करायचा आहे, म्हणजे १२० चौरस मीटर. कनिष्ठ अभियंता त्याचे पूर्वगणनपत्रक तयार करतो. त्यात एकेक बाब वेगळी असते : जुने ब्लॉक काढणे, खोदाई, मुरूम भरून दबाई, त्यावर काँक्रीटचा थर, बारीक कचीचा थर, ब्लॉक बसवणे, कडेला कर्ब स्टोन, राडारोडा उचलून नेणे. प्रत्येक बाबीचा दर मंजूर दरसूचीतून येतो. सगळ्यावर वस्तू व सेवा कर बसतो. जुलै २०२२ मध्ये अशा कामांवरचा हा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे पाच लाखांच्या मर्यादेत बसणारे प्रत्यक्ष काम तेवढ्याने आकसले.

पुढे निविदा, मग कार्यादेश, मग काम. झालेल्या कामाची मापे मोजमाप पुस्तिकेत लिहिली जातात. कार्यालयात तिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. तिच्यातल्या नोंदींवरून ठेकेदाराचे बिल निघते. नागरिकाने डोळ्यांत तेल घालून पाहायचे ते इथे. वर बसलेले ब्लॉक सगळ्यांना दिसतात, पण पदपथ टिकतो तो खालच्या दबाईवर आणि काँक्रीटच्या थरावर. हा थर झाकला गेला की फोटोशिवाय पुरावा उरत नाही. म्हणून ब्लॉक बसण्याआधीच्या दोन दिवसांत कुणीतरी जागेवर जाऊन फोटो काढला पाहिजे. उतार गटाराकडे आहे ना, चेंबरची झाकणे नव्या पातळीला आणली ना, टोकाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार दिला ना, एवढे पाहायला अभियंता असावे लागत नाही. आणि कामावर दोषदायित्वाचा कालावधी असतो. त्यात ब्लॉक खचले, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. हा कालावधी ठाऊक नसल्यामुळे कित्येक ठिकाणी त्याच दुरुस्तीवर पुन्हा जनतेचा पैसा जातो.

मागणी कशी करावी

‘आमच्या भागाचा विकास करावा’ अशी मागणी फायलीतच राहते. ‘अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक चौकापर्यंत, डाव्या बाजूस, सुमारे ८० मीटर पदपथ नाही, मुले रस्त्यावरून चालतात’ ही मागणी अभियंत्याला थेट मोजता येते. तिच्यासोबत तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात. पहिली, जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का. सोसायटीच्या हद्दीतल्या खासगी रस्त्यावर पालिकेला सहसा खर्च करता येत नाही, आणि कितीतरी अर्ज एवढ्याच कारणाने बाद होतात. दुसरी, जमिनीखाली काय आहे. ड्रेनेज किंवा जलवाहिनी बदलायची असेल तर ती आधी, फरशी नंतर. तिसरी, ही मागणी किती जणांची आहे. शेजारच्या वस्तीत जाऊन विचारले, तर क्रम बदलू शकतो, आणि तो बदलू द्यावा.

अर्ज दिला की आवक क्रमांक घ्यावा. डिसेंबरमध्ये काम यादीत धरले का ते विचारावे, मार्चमध्ये अंदाजपत्रकाच्या पुस्तकात पाहावे, ऑक्टोबरमध्ये कार्यादेश निघाला का याची चौकशी करावी. पूर्वगणनपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे काम चिकाटीचे आहे आणि एकट्याने करण्याजोगे नाही. पाच-सहा घरांनी वाटून घेतले तर वर्षाला थोड्याच संध्याकाळी त्यात जातात.

मात्र सगळा भार नागरिकांच्या चिकाटीवर टाकणे अन्यायाचे आहे. ज्याला रोज बारा तास राबावे लागते, त्याच्याकडून आवक क्रमांकाचा पाठपुरावा होणार नाही, आणि गल्लीतल्या सोयींची गरज सर्वांत जास्त त्यालाच आहे. म्हणून नव्या सभागृहांकडे तीन गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. नाकारलेल्या प्रत्येक सूचनेचे कारण लेखी जाहीर व्हावे. प्रभागातला पैसा गरजेला गुण देणाऱ्या, आधी प्रसिद्ध केलेल्या नियमाने वाटला जावा. आणि २००९ पासून कायद्यात असलेली क्षेत्रसभा दर प्रभागात, दिवाळीच्या आधी, कामावरून परतलेल्या माणसाला येता येईल अशा वेळी भरावी. यांतल्या कुठल्याही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. गावकऱ्याला तीस वर्षांहून अधिक काळ असलेला हक्क शहरवासीयाने मागणे यात अवास्तव काही नाही, आणि तो मिळेपर्यंत मागत राहणे हे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.